गाडी थांबताना इंजिन का अडखळते?

शनिवारची सकाळ. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली रो-रो बोट तासाभरात मांडव्याला लागते. रॅम्प खाली येतो आणि बोटीच्या पोटातून गाड्या एकामागून एक बाहेर पडू लागतात. पहिला गिअर, अर्धा क्लच, ब्रेक. पुन्हा पहिला गिअर, पुन्हा ब्रेक. अशा रांगेत अधूनमधून एखादी गाडी अशी निघते, की ब्रेकवर पाय पडताच तिच्या आरपीएमचा काटा आठशेवरून चारशेवर घसरतो. गाडी थरथरते, कधी सावरते, कधी बंदच पडते. मागून हॉर्न सुरू होतात. चालक घाईघाईने स्टार्टर मारतो, गाडी लगेच सुरू होते आणि झिराड-चोंढीच्या मोकळ्या रस्त्यावर अशी काही पळते, की मघाचा प्रकार विसरला जातो. पुढच्या स्पीडब्रेकरला मात्र तेच.

मार्च २०२०मध्ये ही रो-रो सेवा सुरू झाल्यापासून मुंबईहून अलिबागकडे स्वतःची गाडी पाण्यावरून आणता येऊ लागली. पनवेल, पेण, वडखळ असा रस्त्याचा लांबचा वळसा टळला. पण बोटीत चढताना आणि उतरताना मुंगीच्या पावलांनी सरकणे वाट्याला आले. महामार्गावर लपून राहणारा इंजिनाचा एक आजार नेमका अशा संथ रांगेत उघडा पडतो. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘आयडलिंगला गाडी बसते’ म्हणतात.

या आजारात सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते अंदाजाने भाग बदलण्यात. आधी स्पार्क प्लग, मग इग्निशन कॉइल, मग पेट्रोलचा पंप. हजारो रुपये खर्च होतात आणि गाडी पुन्हा त्याच ठिकाणी अडखळते. ताप हा जसा रोग नसून लक्षण असते, तसेच इंजिनाचे अडखळणेही लक्षणच. त्यामागे सहा-सात वेगवेगळी कारणे असू शकतात. ताप आलेल्या रुग्णाला डॉक्टर आधी विचारतात: ताप कधी येतो, थंडी वाजते का, किती वेळ टिकतो? गाडीच्या बाबतीतही निदानाची सुरुवात ‘नेमके केव्हा?’ या प्रश्नाने होते.

जागच्या जागी धावण्याची कसरत

गाडी उभी असताना चालू असलेले इंजिन विश्रांती घेत असते, असे वाटते. प्रत्यक्षात ही त्याच्यासाठी अवघड अवस्था असते. बहुतेक पेट्रोल गाड्यांत आयडलिंगचा वेग मिनिटाला साधारण ७०० ते ८५० फेऱ्यांचा असतो. चार सिलिंडरचे इंजिन ७५० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला २५ छोटे स्फोट होतात. त्यांतून मिळणारी ताकद इंजिनाचे स्वतःचे घर्षण, अल्टरनेटर आणि एसी यांवर मात करण्याइतकीच असते. वर काही शिल्लक राहत नाही. त्यामुळे चार-दोन स्फोट जरी नीट झाले नाहीत, तरी तोल जातो.

हा तोल सांभाळते ती हवा. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटते आणि केसाएवढ्या फटीतून हवा आत शिरते. पिस्टन मात्र हवा ओढतच राहतात. त्यामुळे चकतीच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्ड नावाच्या नळकांड्यात, हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांशावर येतो. यालाच मेकॅनिक ‘व्हॅक्यूम’ म्हणतात. इंजिन थांबताना अडखळण्याची निम्मी-अधिक कहाणी या निर्वाताभोवती फिरते.

कार्ब्युरेटरच्या काळात हा तोल माणसाच्या हातात होता. मुंबईच्या रस्त्यांवर काही दशके धावलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचेच पाहा. इंजिन बसू लागले की चालक बॉनेट उघडायचा, स्क्रू-ड्रायव्हरने आयडलिंगचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा आणि पुढच्या भाड्याला निघायचा. शहरात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली आणि ती पिढी रस्त्यावरून गेली. आजच्या गाडीत तो स्क्रू नाही. ते काम ईसीयू नावाचा छोटा संगणक करतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, धुरात ऑक्सिजन किती उरला हे सेन्सर कळवतात आणि ईसीयू पेट्रोलचे प्रमाण क्षणाक्षणाला बदलतो. सोय मोठी आहे. पण एक तोटाही आहे. दोष लहान असेपर्यंत संगणक तो झाकून नेतो. त्याच्या सांभाळण्याची मर्यादा संपली, की चालकाला दोष एकदम जाणवतो.

जबाबदारी बदलण्याचा क्षण

मग गाडी उभी असताना नीट चालते आणि थांबता थांबताच का अडखळते? गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की आधुनिक इंजिनात पेट्रोल पूर्ण बंद होते. त्या वेळी चाके इंजिनाला फिरवत असतात, त्यामुळे इंधनाची गरज नसते. वेग उतरत इंजिन एका ठरावीक आरपीएमपर्यंत आले, किंवा चालकाने क्लच दाबला, की चाकांचा आधार सुटतो. त्या क्षणी पेट्रोल पुन्हा सुरू व्हावे लागते, हवा मोजून मिळावी लागते आणि खाली येणारा वेग आठशेच्या आसपास झेलला जावा लागतो.

उतारावरून धावत आलेला माणूस एकदम थांबू लागला, की त्याचा तोल जातो. पायात बळ असेल तर तो दोन पावलांत सावरतो. इंजिनाचेही तसेच. उभ्या गाडीचे आयडलिंग कसेबसे टिकवणारा संगणकही या झेलण्याच्या क्षणी कमी पडतो. म्हणून दोष पहिल्यांदा दिसतो तो इथे.

काजळी आणि चोरटी हवा

सर्वांत साधे आणि नेहमी आढळणारे कारण म्हणजे थ्रॉटलच्या चकतीभोवती जमलेली काजळी. इंजिनातील तेलाची वाफ पुन्हा जाळण्यासाठी हवेच्या वाटेत सोडलेली असते. ती चकतीच्या कडेला चिकटते, तिच्यावर धूळ बसते आणि काळा, चिकट थर तयार होतो. चकती पूर्ण उघडी असताना या थराने काही बिघडत नाही. पण आयडलिंगची सगळी हवा ज्या बारीक फटीतून जाते, तीच फट बुजू लागते. शहरात थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांत हे अधिक दिसते. योग्य क्लीनरने थ्रॉटल बॉडी साफ करणे हे तुलनेने स्वस्त काम आहे. अट एकच: इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची चकती इग्निशन चालू ठेवून बोटाने ढकलू नये. सफाईनंतर आयडलिंग काही काळ चढे राहू शकते. बुजलेल्या फटीची सवय झालेल्या संगणकाला नव्याने शिकवावे लागते. काही गाड्यांत ते आपोआप होते, काहींत स्कॅनर लावून करावे लागते.

दुसरे कारण याच्या अगदी उलटे, म्हणजे नको तिथून येणारी हवा. मॅनिफोल्डला जोडलेल्या रबरी नळ्यांपैकी एखादी तडकली, निसटली किंवा गॅस्केट सुटले, की न मोजलेली हवा आत शिरते. पेट्रोल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने पडते. मिश्रण पातळ होते आणि स्फोट चुकू लागतात.

हीच गाडी महामार्गावर छान का धावते, याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, आयडलिंगला इंजिन हवेचे १०० भाग घेते आणि गळतीतून १० भाग चोरून येतात. चूक दहा टक्क्यांची झाली. वेगात तेच इंजिन हजार भाग घेते. चोरटी हवा मात्र दहा भागच, किंवा व्हॅक्यूम कमी झाल्याने त्याहूनही कमी. चूक एक टक्क्यावर आली आणि संगणकाने ती सहज भरून काढली. गळतीचे भोक तेवढेच राहिले, पण त्याचे वजन बदलले. ‘पळते तर छान, मग दोष कसला?’ असे म्हणणाऱ्याची फसगत होते ती यामुळेच.

यात एक बारकावा आहे. सगळ्याच गाड्या हवा थेट मोजत नाहीत. अनेक छोट्या गाड्यांत मॅनिफोल्डमधील दाबावरून हवेचा अंदाज बांधला जातो. अशा गाडीत गळतीची हवाही हिशेबात धरली जाते आणि पेट्रोलही वाढते. परिणामी आयडलिंग बसण्याऐवजी चढते किंवा वर-खाली झुलत राहते. त्यामुळे एका गाडीवर लागू पडलेला उपाय शेजाऱ्याच्या गाडीलाही लागू पडेल, असे नाही.

उभ्या गाड्यांची दुखणी

मांडवा, सासवणे, किहीम या पट्ट्यात सुट्टीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या घरांची संख्या मोठी आहे. त्यांच्या आवारात गाड्याही आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. बॉनेटखालची उबदार, कोरडी जागा उंदरांना आवडते. ते वायरी तर कुरतडतातच, शिवाय रबरी नळ्याही कुरतडतात. वायर तुटली की दिवा तरी पेटतो. नळीला पडलेले भोक काही काळ फक्त अडखळण्यातून जाणवते. खाऱ्या, दमट हवेत वायरींचे कनेक्टर आणि बॅटरीच्या अर्थिंगची जोडणी गंजते. सेन्सरचा संदेश मग मधूनच चुकतो.

बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी उतरते. ती बदलताना किंवा काढून चार्ज करताना अनेक गाड्यांत संगणकाने शिकलेले आयडलिंगचे आकडे पुसले जातात. बॅटरी बदलल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी थांबताना बसू लागली असेल, तर नवा बिघाड शोधण्याआधी ही शक्यता तपासावी.

पेट्रोलचाही विचार करावा लागतो. देशात २०२५मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला मिश्रित इंधन थोडे जास्त द्यावे लागते. धडधाकट गाडीचा संगणक हा फरक भरून काढतो. पण जिथे नळी आधीच गळते आहे, तिथे त्याची निम्मी ताकद गळती सावरण्यात गेलेली असते. इथेनॉल पाणीही शोषून घेते. त्यामुळे पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करणे शहाणपणाचे नाही. तरीही प्रत्येक अडखळण्याचा दोष पेट्रोलवर टाकून तपासणी टाळू नये.

नेमके केव्हा?

गॅरेजमध्ये जाण्याआधी चालकाने दोन-तीन दिवस लक्ष देऊन पुढील गोष्टी टिपून ठेवल्या, तर निदानाचे निम्मे काम होते.

• ब्रेक दाबल्यावरच अडखळते का? बहुतेक पेट्रोल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा पडदा फाटला असेल, तर पेडल दाबताच हवा आत शिरते. गाडी उभी आणि न्यूट्रलमध्ये असताना ब्रेक दाबून पाहावा. तेव्हाही इंजिन बसले किंवा पेडलजवळ ‘फुस्स’ असा आवाज आला, तर संशय बूस्टरवर जातो. आणखी एक चाचणी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे आणि दाबलेलेच ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर गाडी त्याच दिवशी दाखवावी. हा ब्रेकचा प्रश्न आहे.

• फक्त एसी चालू असताना? कॉम्प्रेसरचा भार येताच संगणकाने हवा वाढवायला हवी. फट काजळीने बुजली असेल, तर ती वाढत नाही.

• पेट्रोल भरल्यानंतर लगेच? टाकीतील वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो. पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही काठोकाठ भरण्याची सवय या यंत्रणेला बाधते.

• चढावरही ओढ कमी पडते का? कार्लेखिंडीच्या चढावर गाडी झटके देत असेल, तर कारण हवेच्या फटीत नसून स्पार्क प्लग, कॉइल किंवा पेट्रोलच्या दाबात असण्याची शक्यता वाढते.

• गाडी ऑटोमॅटिक आहे का? टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना जखडले जातात. थांबताना ही पकड सुटली नाही, तर क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखी गाडी गचका देऊन बंद पडते. एएमटी गाडीत क्लच वेळेवर न सुटल्यास असेच होते. इथे इंजिनावर खर्च करून उपयोग नाही.

• थंड असताना की तापल्यावर? फक्त थंड असताना अडखळत असेल, तर तापमानाचा सेन्सर तपासतात. तापल्यावरच होत असेल, तर उष्णतेने सैल पडणारी नळी, कॉइल किंवा उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह पाहतात. हा व्हॉल्व्ह जळालेला धूर पुन्हा इंजिनात सोडतो आणि आयडलिंगला तो मिटलेला असावा लागतो.

स्कॅनरचा आकडा

डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा पेटला, की गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचला जातो. पी०१७१ हा कोड आला, तर मिश्रण पातळ झाले आहे. पी०३०० आला, तर वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये स्फोट चुकत आहेत. पी०५०६ म्हणजे आयडलिंग अपेक्षेपेक्षा खाली आहे. पण कोड सांगतो तक्रार, भाग नव्हे. पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणे म्हणजे तापमापक ताप दाखवतो म्हणून तापमापकच बदलण्यासारखे.

खरी माहिती ‘फ्युएल ट्रिम’ या आकड्यात असते. ठरलेल्या हिशेबापेक्षा संगणक किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतो आहे, ते त्यातून कळते. शून्याच्या आसपासचा, पाच-सात टक्क्यांपर्यंतचा आकडा सहसा चिंतेचा नसतो. हवा थेट मोजणाऱ्या गाडीत आयडलिंगला हा आकडा अधिक वीस असेल आणि इंजिन २५०० फेऱ्यांवर धरल्यावर शून्याकडे येत असेल, तर चोरटी हवा जवळजवळ नक्की. उलट, भार वाढेल तसा आकडाही वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडते आहे: पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पाहावा. गळतीची जागा शोधण्यासाठी मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते पाहणे ही सुरक्षित पद्धत. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडून गळती शोधण्याचा प्रकार कुठे चालत असेल, तर तो थांबवावा. त्यात आग लागण्याचा धोका असतो.

म्हणजे गॅरेजमध्ये ‘काय बदलावे लागेल?’ याआधी ‘आयडलिंगला आणि २५००ला ट्रिम किती आहे?’ असे विचारावे. आकडा दाखवणारा मेकॅनिक बहुधा योग्य वाटेवर असतो.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर

या दुखण्याकडे दुर्लक्ष करू नये, याचे कारण खर्चापेक्षा मोठे आहे. थांबण्याच्या बेतात असलेली गाडी अजून चालत असते. इंजिन बंद पडताच पॉवर स्टीअरिंग जड होऊ शकते आणि ब्रेकला मिळणारी मदत बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमपुरती, म्हणजे एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच उरते. रॅम्पच्या उतारावर पुढे दुसरी गाडी असताना, किंवा खिंडीच्या वळणावर हे घडले, तर घाबरलेला चालक ब्रेक पंप करू लागतो आणि उरलेली मदतही संपवतो.

अशा वेळी ब्रेक एकदाच, घट्ट दाबून धरावा. तो जड लागेल, पण काम करतो. क्लच दाबावा किंवा गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, स्टीअरिंग दोन्ही हातांनी जोर लावून वळवावे आणि धोक्याचे चारही इंडिकेटर लावावेत. किल्ली पूर्ण मागे फिरवू नये. स्टीअरिंग लॉक होऊ शकते. उतारावर गाडी थांबताच हँडब्रेक ओढावा आणि मगच पुन्हा स्टार्ट करावी.

बंद शेडमध्ये किंवा गॅरेजमध्ये अडखळणारे इंजिन चालू ठेवून तपासत बसणेही टाळावे. नीट न जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड वाढतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. डोके दुखू लागेपर्यंत तो रक्तात मिसळलेला असतो. तपासणी नेहमी मोकळ्या हवेत करावी.

परतीच्या बोटीसाठी मांडव्याच्या धक्क्यावर रांग लागते, तेव्हा बहुतेकांचे लक्ष घड्याळाकडे असते. त्या रांगेत दोन मिनिटे रेडिओ बंद करून काट्याकडे पाहावे. पाय उचलल्यावर काटा खाली येऊन आठशेच्या आसपास गुपचूप स्थिरावला, तर सगळे ठीक. तो खाली बुडी मारून वर येत असेल, तर केव्हा, कशानंतर आणि किती वेळा, हे लिहून ठेवावे. मेकॅनिकच्या हाती किल्ली देताना तो कागदही द्यावा.